खुणेची ओळख

आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. कुटुंब, गाव, जात, धर्म, राष्ट्र अशी एकाबाहेर एक वर्तुळे माणसाने आपल्याभोवती आखली, आणि आतल्यास एक न्याय व बाहेरच्यास दुसरा, असा व्यवहार बहुतेक देशांत चालत आला. या व्यवहाराचे समर्थन पूर्वी परंपरेच्या आधारे होत असे. अलीकडे ते शरीरशास्त्राच्या आधारे होऊ लागले आहे. मनुष्याचे शरीरसुद्धा परक्यास थारा देत नाही, परक्या जंतूस मारते, परके रक्त व परका अवयव नाकारते. मग समाजानेच तेवढा आपपरभाव का सोडावा, असा सवाल सभांतून आणि लेखांतून आमच्या कानी वरचेवर येतो. ज्यांस हा सवाल रुचत नाही ते 'शरीर वेगळे आणि समाज वेगळा' एवढे म्हणून मोकळे होतात. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. साक्षीदार उभा केला आहे, तर त्याची उलटतपासणी झाली पाहिजे. शरीर आपले-परके ओळखते म्हणजे नेमके काय करते, हे आधी पाहू. मग त्या साक्षीवरून काय सिद्ध होते ते ठरवू.

शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर शर्करांच्या साखळ्यांचे एक दाट आवरण असते. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर शेवाळ चढावे तसे ते दिसते. या शर्करा म्हणजे आपण डब्यात ठेवतो ती साखर नव्हे. तिची भावंडे म्हणावीत. गॅलॅक्टोज, फ्युकोज, सायलिक आम्ल अशी त्यांची नावे. अक्षरांची मांडणी बदलली की शब्द बदलावा, तशी त्यांच्या जुळणीवरून पेशीची खूण बदलते. रक्तगट ही त्यांतील सर्वांस ठाऊक असलेली खूण. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ साली, माणसामाणसांच्या रक्तांत भेद असल्याचे दाखविले. तो भेद शर्करांचा आहे, हे पुढे उलगडले. 'ए' गटाच्या साखळीच्या टोकास एक शर्करा असते, 'बी' गटाच्या टोकास तिच्याच जवळची दुसरी. ती शर्करा बसविणाऱ्या प्रथिनात साडेतीनशेंहून अधिक घटक असतात. त्यांपैकी अवघे चार या दोन गटांत वेगळे निघतात. एवढ्या भेदावरून चुकीचे रक्त चढविलेला माणूस प्राणास मुकू शकतो.

या रक्तगटांच्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी इंग्लंडातील संशोधकांसह 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तप्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईतील काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या परीक्षेत 'ओ' गटाचे दिसे, पण त्यांस 'ओ' गटाचे रक्तही चालत नसे. कारण असे की, 'ए', 'बी' आणि 'ओ' या तिन्ही गटांच्या खाली एक समान पायरी असते, आणि त्या पायरीच्या टोकास फ्युकोज असते. या मंडळींच्या तांबड्या पेशींवर ती पायरीच नव्हती. आपल्याजवळ जे नाही ते त्यांच्या रक्तास परके वाटे, आणि जगातील जवळजवळ सर्वच माणसांजवळ ते होते! या प्रकारास जगभर 'बाँबे' रक्तगट म्हणतात. भारतात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा तो असतो. एरवी हा माणूस तुम्हांआम्हांसारखाच धडधाकट असतो; रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत त्याच्या वेगळेपणाचा त्यालाही पत्ता नसतो. ए-बी-ओच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या तांबड्या पेशी कोणासही देता येतील. घेताना मात्र त्याला आपल्यासारख्याच एखाद्या दुर्मिळ माणसाच्या दारी जावे लागते.

आता पांढऱ्या पेशींकडे वळू, कारण ओळखण्याचे खरे काम त्यांच्याकडे आहे. १८६७ साली यूलियुस कोनहाइम या जर्मन पंडिताने बेडकाच्या पारदर्शक पडद्यावर इजा करून सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केले, तेव्हा रक्ताच्या ओघात वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी बारीक शिरेच्या कडेस येतात, तेथे चिकटून राहतात आणि भिंतीतून पलीकडे निसटतात, असे त्याने वर्णिले. त्या कडेस कशा थांबतात, हे मात्र पुढे शंभरांहून अधिक वर्षे गूढच होते. १९८९ साली तीन प्रथिनांची ओळख पटली. त्यांस सिलेक्टिन म्हणतात. त्यांतील दोन शिरेच्या अस्तरावर उगवतात व एक पांढऱ्या पेशीवरच असते. यांपैकी एक तर अस्तराच्या पेशींत तयार ठेवलेलेच असते, आणि इजा होताच काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. या सिलेक्टिनांस चार शर्करांची एक लहानशी जुळणी ओळखता येते. तिच्यात सायलिक आम्ल आणि फ्युकोज या दोहोंची गरज असते.

ही ओळख किती हलकी असते, याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. सिलेक्टिन व शर्करा यांचा बंध क्षणभरही टिकत नाही; एक तुटतो तोच पुढचा जुळतो, आणि पेशी भिंतीवरून गडगडत, घरंगळत जाते. यातील एक चमत्कार २००३ साली प्रयोगाने दिसून आला. साधारण बंध ओढला तर लवकर तुटतो. हा बंध मात्र काही मर्यादेपर्यंत ओढ वाढली तर अधिक वेळ टिकतो. प्रवाह थांबवला तर काही पेशी घरंगळायच्या थांबून सुटून जातात, आणि प्रवाह पुन्हा सुरू झाला की पुन्हा धरतात. या घरंगळण्यात पेशीस वेळ मिळतो. आसपासच्या ऊतींतून जखमेचे रासायनिक इशारे येत असतील, तर ती दुसऱ्या जातीची प्रथिने सज्ज करते, आणि तेव्हा कोठे भिंतीस घट्ट चिकटून आत शिरते. इशारा नसेल तर ती सुटून ओघाबरोबर निघून जाते. म्हणजे पहिली ओळख निर्णयाची नव्हेच. ती केवळ थबकण्यापुरती असते.

ही थबकण्याची सोय नसेल तर काय होते, ते १९९२ साली इस्रायलमधील दोन अरब बालकांच्या दुखण्यावरून कळले. ही मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. दोघांसही वारंवार तीव्र जंतुसंसर्ग होई. रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीच्या कित्येक पट होत्या, तरी जखमेत पू म्हणून होत नसे. पहारेकरी रस्त्यावरून तांड्यांनी जात होते, आणि जळत्या घरापाशी एकही उतरत नव्हता. त्यांच्या शरीरात शर्करासाखळीवर फ्युकोज बसविण्याची व्यवस्थाच बिघडलेली होती, म्हणून सिलेक्टिनांस धरण्यासारखे काही उरले नव्हते. दोघांचाही रक्तगट 'बाँबे' निघाला. पण मुंबईच्या त्या निरोगी माणसांत फ्युकोज केवळ एका ठिकाणी बसत नाही. या मुलांत ते कोठेच बसत नव्हते, आणि त्यांची वाढ व बुद्धीही त्यामुळे खुंटली होती. पुढे १९९९ साली जर्मनीत अशाच एका मुलास वैद्यांनी तोंडावाटे फ्युकोज देऊन पाहिले, आणि त्याचे संसर्ग कमी झाले. एवढ्या मोठ्या व्याधीवर एका साध्या शर्करेची मात्रा चालावी, याचे आश्चर्य वाटते. सर्वच मुलांस मात्र तो उपाय लागू पडला नाही.

सिलेक्टिन धरतात, दुसरे एक ग्राहकांचे कुळ आहे, ते आवरते. त्यास १९९८ पासून सिग्लेक असे नाव आहे. माणसात या कुळातील चौदा-पंधरा सभासद आहेत, आणि ते बहुतेक पांढऱ्या पेशींच्या अंगावर असतात. समोरच्या पेशीवर सायलिक आम्ल भेटले की त्यांतील बरेचसे आतल्या बाजूस 'हात आवर' असा निरोप देतात. आमच्या प्रत्येक पेशीवर या आम्लाची प्रचंड गर्दी असते. ती जणू शरीराची अभयमुद्राच. ती मुद्रा गळून पडली तर काय होते, याचा एक नमुना गिल्बर्ट अ‍ॅशवेल व अनातोल मोरेल या अमेरिकी संशोधकांस सशाच्या रक्तात आढळला. रक्तात दीर्घकाळ फिरणाऱ्या एका प्रथिनावरील सायलिक आम्ल त्यांनी काढून टाकले. तेव्हा तेच प्रथिन काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होऊन यकृतात जमा झाले. प्रथिन तेच, काम तेच. टोकाची शर्करा गेली, आणि शरीराने त्यास काढून घेतले.

येथपर्यंतच्या हकीकतीवरून एक गोष्ट उघड होते. शरीर 'आपल्या'स ओळखत नाही. ते आपल्या खुणेस ओळखते. या दोहोंत जे अंतर आहे, त्यात सर्व नीतिप्रश्न मावतो. खूण गळू शकते, तशी ती चोरताही येते. नवजात बालकांस घातक आजार देणारा 'बी' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आपल्या वेष्टनावर माणसाच्याच धाटणीचे सायलिक आम्ल चढवितो आणि सिग्लेकांकडून अभय मिळवितो. कर्काच्या पेशींवरही ते पुष्कळदा अतोनात वाढलेले असते. उलट पक्षी, शरीर परक्यास मुळीच थारा देत नाही हे म्हणणेही खरे नाही. आमच्या आतड्यांत व अंगावर जेवढे जंतू नांदतात त्यांची संख्या आमच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास जाते, आणि प्रत्येक आई नऊ महिने जो जीव पोटात वाढविते तो अर्धा तिचा नसतो. तेव्हा 'शरीराकडे पाहा' असे सांगणाऱ्यांनी शरीराकडे पुरते पाहिलेले नाही, एवढे म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाही.

परंतु याच पुराव्यावरून जे विश्वबंधुत्व सिद्ध करू पाहतील, त्यांसही आमचा तितकाच विरोध आहे. आतड्यात जंतू नांदतात म्हणून पाहुण्यास घर उघडे ठेवावे, हे तर्कशास्त्र पहिल्याइतकेच लंगडे होय. निसर्गात जे घडते ते तसेच घडावे, असे त्यावरून कधीच निघत नाही. मग एवढी उलटतपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. ती यासाठी की, उदाहरण आज्ञा नसले तरी आरसा होऊ शकते. आणि खुणेवरून ओळखणे ही जी आमची नित्याची रीत, तिचे गुणदोष या आरशात फार स्पष्ट दिसतात.

आमच्याकडे दोन अनोळखी माणसे आगगाडीत समोरासमोर बसली की दहा मिनिटांच्या आत 'आपले आडनाव काय?' हा प्रश्न येतो. आडनावाने समाधान झाले नाही तर 'मूळ गाव कोणते?' हा दुसरा. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. त्यास केवळ कोठेतरी धरावयास जागा हवी असते. येथवर तो सिलेक्टिनाचाच व्यवहार आहे, आणि आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. पण उत्तर मिळताच कित्येकांचा चेहरा बदलतो: डबा उघडावा की न उघडावा, मुलास शेजारी बसू द्यावे की न द्यावे, हे सारे तेवढ्यावर ठरून जाते. ज्या खुणेने थबकावयाचे तिनेच निकाल दिला. घर भाड्याने देताना, नोकरी देताना, मुलीचे स्थळ पाहताना हे रोज घडते, आणि ज्याच्या बाबतीत घडते त्यास बहुधा कारणही सांगितले जात नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो खरोखरच वजनदार आहे. माणसास प्रत्येकाची समग्र चौकशी करणे शक्य नाही. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीने डब्यातील प्रत्येक पुरुषाचे चरित्र अजमावीत बसावे काय? तिने वेष, नजर, आवाज यांवरून अंदाज बांधला व दूर जाऊन बसली, तर तिने अन्याय केला असे कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. खुणांवाचून जगता येत नाही, हे पेशीस लागू आहे आणि माणसासही. दोष खूण वाचण्यात नाही. खुणेवर किती भार टाकावा, आणि चूक झाल्यास तिचा भुर्दंड कोणावर पडतो, यात तो आहे. ती स्त्री दूर बसल्याने कोणाचे काही गेले नाही. घरमालकाने आडनाव ऐकून दार लावले तर एका कुटुंबाचे छप्पर गेले. दोन्ही कृत्यांस 'सावधगिरी' हे एकच नाव देणे म्हणजे शब्दाची फसवणूक होय.

शिवाय पेशीत आणि आमच्यात एक भेद असा आहे की, त्यावर पांघरूण घालता येत नाही. पेशीस पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तिच्याजवळ जेवढे ग्राहक, तेवढेच तिचे जग. ती चुकली तर तिला दोष देणे हास्यास्पद आहे. माणसास मात्र पुढचा प्रश्न विचारता येतो. येत असूनही जो विचारीत नाही, तो आपल्या अज्ञानाबद्दल जबाबदार ठरतो. विलक्षण असे की, विचार करण्याची शक्ती नसलेली ती पेशी देखील घट्ट चिकटण्यापूर्वी दुसऱ्या इशाऱ्याची वाट पाहते. एकाच खुणेवर तात्काळ निकाल लावणारी यंत्रणा शरीरात नाही असे नाही. चुकीच्या रक्तावर तुटून पडणारे प्रतिपिंड तेच करतात. आणि तेथे मरतो कोण? ज्याच्या रक्षणासाठी ते धावले, तोच.

खोट्या खुणेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर आमच्या समाजात फार उथळ बोलले जाते. भगव्या कफनीतल्या भोंदूने एखाद्यास फसविले की तो शपथ घेतो की, यापुढे कफनीवाल्यास दाराशी उभे करणार नाही. आजारी मुलाचा खोटा कागद दाखवून कोणी पैसे नेले की, खऱ्या आजारी मुलाच्या बापासही रिकाम्या हाताने परत जावे लागते. फसलेल्या माणसाचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु खूण रद्द करण्याची शिक्षा भोंदू भोगीत नाही. तो उद्या दुसरी खूण घेईल. शिक्षा भोगतो तो, ज्याच्याजवळ तीच एक खूण आहे आणि जी त्याने प्रामाणिकपणे बाळगली आहे.

मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूच्या 'बी' प्रकारात हीच अडचण अक्षरशः उभी राहिली. या जंतूच्या इतर काही प्रकारांवर त्यांच्या शर्करावेष्टनापासून लशी तयार झाल्या. 'बी' प्रकाराचे वेष्टन मात्र सायलिक आम्लाच्या ज्या साखळीचे बनलेले आहे, तशीच साखळी गर्भाच्या वाढत्या मेंदूवर असते. त्यामुळे शरीर त्या वेष्टनावर हात उगारण्यास सहसा तयार होत नाही. आणि बळेच उगारावयास लावले, तर तो हात स्वतःच्या बालकांवर पडण्याची भीती. शत्रूने मुलाचे कपडे चढविले होते. संशोधकांनी त्या कपड्यांचा नाद सोडला आणि जंतूच्या अंगावर दुसरे काय आहे, जे मुलाजवळ नाही, ते शोधण्यास आरंभ केला. त्याची सर्व आनुवंशिक माहिती वाचून त्यातून प्रथिने निवडली, आणि अशा प्रथिनांची लस २०१३ साली युरोपात संमत झाली. यास वर्षानुवर्षे श्रम पडले. कफनीवाल्यावर दार लावण्यास एक क्षण पुरतो, हेही खरेच.

शरीराने स्वतःही अशी एक तोड काढलेली दिसते. सिग्लेकांच्या कुळात काही असे आहेत की, जुळ्या भावाप्रमाणे ते तीच खूण धरतात, पण आत निरोप मात्र 'सावध हो' असा पाठवितात. एक आवरणारा, एक जागविणारा. खूण फसवी असू शकते याची जाण अशा जोडीत आहे. आणि तरीही खुणेस मान देण्याचे शरीराने सोडलेले नाही.

राहता राहिला खुणेच्या चिरंतनत्वाचा प्रश्न. आपल्या वर्तुळाच्या खुणा सनातन आहेत असे ज्यांस वाटते, त्यांनी सायलिक आम्लाचा इतिहास अवश्य पाहावा. चिंपँझी, गाय, बकरी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत या आम्लाचे दोन प्रकार असतात. मानवी पूर्वजांतही ते होते. सुमारे वीस ते तीस लक्ष वर्षांपूर्वी एका जनुकात बिघाड झाला व त्यांतील एक प्रकार आमच्या वंशातून नाहीसा झाला. १९९८ साली या बिघाडाचा शोध लागला. आज तो प्रकार मांसातून व दुधातून आमच्या अन्नात येतो, आणि त्याचा अल्पसा अंश आमच्या स्वतःच्या पेशींवर जाऊन बसतो. त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंडही आमच्याच रक्तात फिरत असतात. वीस लक्ष वर्षांमागे जी घरची खूण होती ती आज परकी म्हणून नोंदली जाते, आणि परकी म्हणून नोंदलेली असूनही घरातच राहते. या सहवासाचा शरीरास कितपत त्रास होतो, याचा अभ्यास अद्याप चालू आहे.